वारस मागणाऱ्या मालिकेस खुलं पत्र

प्रति,
दैनंदिन मालिकाबाई,
मुक्काम घरोघरचा दिवाणखाना,
रोज संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा

मालिकाबाई,

आमच्या शहरात तुमच्या घराण्याच्या नावाने एक अख्खा भाग ओळखला जातो. हडकोकडच्या त्या भागाला सगळे 'टीव्ही सेंटर' म्हणतात. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं की पत्ता पुरा होतो. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनचा कारखाना होता. देशभरच्या घरांत जाऊन बसलेले कितीतरी रंगीत संच तिथे तयार झाले, आणि त्या कामावर इथली कितीतरी घरं चालली. पुढे २०१८ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तुमचं मात्र काही बिघडलं नाही. संच बदलले, अँटेना गेल्या, केबल आली, डिशच्या छत्र्या आल्या, मोबाइल आले, आणि तुम्ही प्रत्येक नव्या पडद्यावर जाऊन बसलात. ज्या शहराने तुम्हाला घरोघर पोचवायला हात लावला, त्या शहराला तुम्हाला जाब विचारण्याचा हक्क आहे. म्हणून हे पत्र छत्रपती संभाजीनगरहून लिहिते आहे.

आरोप सरळ आहे. लग्नानंतर मूल कधी व्हावं, किती व्हावीत, पहिली मुलगी झाली तर पुढे काय करावं आणि हे सगळं कोणी ठरवावं, यात तुमचा हात आहे. गेली पंचवीस वर्षं तुम्ही नवरा-बायकोच्या मध्ये बसून हा सल्ला देत आहात. देताना मात्र म्हणता, 'आम्ही काही शिकवत नाही, आम्ही तर नुसती करमणूक करतो.' हा बचाव मला मान्य नाही, आणि तो खोटा आहे हे दाखवायला पुरावा आहे.

पहिला पुरावा ब्राझीलचा. तिथे १९६० मध्ये एका बाईला सरासरी सहाहून अधिक मुलं होत. २००० पर्यंत हा आकडा २.३ वर आला. तिथल्या सरकारने कुटुंब नियोजनाची कसली सक्तीची मोहीम चालवली नव्हती. एलियाना ला फेरारा, अल्बर्टो चाँग आणि सुझान ड्युरिया या तीन अर्थतज्ज्ञांनी रेडे ग्लोबो या वाहिनीचं प्रक्षेपण कोणत्या वर्षी कुठे पोचलं आणि तिथल्या बायकांची बाळंतपणं कशी बदलली, हे ताडून पाहिलं. २०१२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला, की जिथे ग्लोबो पोचली तिथे बायकांना मुलं कमी झाली. कारण त्या वाहिनीवरच्या मालिकांत दडलं होतं. पन्नाशीच्या आतल्या प्रमुख नायिकांपैकी ७२ टक्के जणींना मूलच नव्हतं आणि २१ टक्के जणींना एकच होतं. त्या मालिकांत 'कमी मुलं होऊ द्या' असं कोणी सांगत बसलं नव्हतं. लोकांनी रोज रात्री छोटी, ठाकठीक घरं पाहिली आणि तशीच घरं हवीशी वाटू लागली. त्या भागांतले आईबाप मुलांची नावंसुद्धा मालिकांतल्या पात्रांवरून ठेवू लागले. पाळण्यातलं नाव तुमच्याकडून येत असेल, तर पाळणा हलवायचा की नाही यातही तुमचा सल्ला असतो, हे तुम्हाला नाकारता येणार नाही.

दुसरा पुरावा आपल्या देशाचा. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००१ ते २००३ या काळात गोवा, बिहार, हरियाणा, तामिळनाडू इथल्या खेड्यांतली माहिती तपासली. गावात केबल आल्यावर काय बदललं, हा त्यांचा प्रश्न होता. २००९ मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासाप्रमाणे केबल आलेल्या गावांत बाईला मारहाण योग्य मानणाऱ्या बायका कमी झाल्या, पुढचं मूल मुलगाच हवं असं म्हणणाऱ्या कमी झाल्या आणि बाळंतपणंही घटली. नंतर इतर संशोधकांनी ते आकडे पुन्हा तपासले आणि काही निष्कर्षांवर प्रश्नही उभे केले. त्या अभ्यासाला देववाणी मानू नका, पण पडद्यावरची बाई पाहून घरातली बाई काहीतरी ठरवते, एवढं त्यातून नक्की दिसतं.

तिसरा पुरावा तर तुमच्याच जन्मपत्रिकेत आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. मनोहर श्याम जोशी तिचे लेखक. भारतातली ती पहिली मोठी मालिका, आणि तिचा जन्मच कुटुंब नियोजनासाठी झाला होता. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकेतून लहान कुटुंबाचा विचार रुजवला होता. त्यांची पद्धत पाहून माहिती व नभोवाणी खात्याने ही कल्पना इकडे आणली. पहिल्या काही भागांत उपदेश फार झाला, प्रेक्षक कंटाळले, आणि मग गोष्टीला पुढे आणून संदेश मागे सरकवला गेला. दीड वर्षात त्या मालिकेला लाखो पत्रं आली. प्रत्येक भागाच्या शेवटी अभिनेते अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत, आणि लोक त्यांना घरातल्या वडीलधाऱ्यासारखं मानून उत्तर लिहीत. मालिकाबाई, तुमचं मूळ हे आहे. तुम्ही मुलांबद्दल काही शिकवत नाही असं म्हणणं म्हणजे स्वतःचा जन्मदाखला फाडणं आहे.

जुलै २००९ मध्ये, जागतिक लोकसंख्या दिनाच्या सुमारास, त्या वेळचे केंद्रीय आरोग्यमंत्री गुलाम नबी आझाद म्हणाले होते की गावोगावी वीज पोचली तर लोक रात्री उशिरापर्यंत टीव्ही पाहतील, दमून झोपतील आणि लोकसंख्या आटोक्यात येईल. देशभर त्यावर हसू झालं. त्यांनी तुमची ताकद ओळखली, पण ती कुठे आहे हे त्यांना कळलं नाही. तुम्ही माणसांना झोपवत नाही. घर कसं दिसावं, सून कशी असावी आणि तिच्या कडेवर कोण असावं, याचं चित्र तुम्ही त्यांच्या डोळ्यांत भरता.

आता या चित्राने आमच्याकडे काय केलं, ते सांगते.

लहान कुटुंब महाराष्ट्राने मनापासून स्वीकारलं. १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी २.९ मुलं होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती १.७ झाली. यात मुलींच्या शिक्षणाचा वाटा आहे, लसीकरणाचा आहे, आशाताईंच्या पायपिटीचा आहे, जमिनीचे तुकडे पडत गेल्याचा आहे. तुमचाही आहे, आणि तो मी नाकारत नाही. दोन मुलांचं चौकोनी घर तुम्ही इतक्या वेळा दाखवलंत की ते खेड्यातही सुखाचं रूप ठरलं.

पण त्या चौकोनात एक कोपरा तुम्ही मुलासाठी राखून ठेवलात. घरात पाच-सहा मुलं होत असत तेव्हा त्यात एखादा मुलगा बहुधा असेच. दोनच मुलं हवीत आणि त्यातला एक मुलगाच हवा असं ठरलं, की पहिल्या मुलीनंतरच्या गर्भाकडे संशयाने पाहिलं जातं. मुलांची संख्या घटली आणि मुलाचा हट्ट तसाच राहिला तर मुलींचा बळी जातो, हे लोकसंख्येचे अभ्यासक नव्वदच्या दशकापासून सांगत आले आहेत. आमच्या मराठवाड्याने ते खरं करून दाखवलं. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११ मध्ये ८९४ राहिल्या. शेजारच्या बीड जिल्ह्यात हाच आकडा दहा वर्षांत ८९४ वरून ८०७ वर कोसळला. केबलच्या तारा गावोगाव पोचल्या, तो हाच काळ.

हे सगळं खापर मी तुमच्या डोक्यावर फोडणार नाही. पैशासाठी सोनोग्राफीचं मशीन फिरवणारे डॉक्टर आहेत, हुंडा आहे, जमिनीचा वारसा आहे, 'म्हातारपणी कोण पाहील' ही भीती आहे. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये याच महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी आहे. तरीही मे २०१२ मध्ये परळीत डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपात करताना एका बाईचा जीव गेला. तिला आधीच्या मुली होत्या. २०१९ मध्ये न्यायालयाने मुंडेंना दहा वर्षांची शिक्षा सुनावली. आणि २०२४ च्या मे महिन्यात आमच्या याच शहरात, गारखेडा भागातल्या एका सदनिकेत गर्भलिंगनिदानाचा धंदा पकडला गेला. भरवस्तीत, शिकलेल्यांच्या शेजारी तो चालू होता. मालिकाबाई, त्या सदनिकेची पायरी चढणाऱ्या घरांत संध्याकाळी तुम्हीच चालू असता.

म्हणून तुमच्या पडद्यावरचं गरोदरपण मी बारकाईने पाहिलं आहे. त्याचा हिशेब मांडते.

तुमच्या सुनेला दिवस जातात ते चक्कर येऊन. चक्कर आली की डॉक्टर येतात, नाडी धरतात आणि म्हणतात, 'गोड बातमी आहे.' त्या डॉक्टरने आजवर कधी विचारलेलं नाही की तुम्हाला आत्ता मूल हवं आहे का. तुमच्या घरांत तांबी नाही, गोळ्या नाहीत, निरोध नाही, त्यातल्या एकाचाही उच्चार नाही. दर वर्षी शेकडो भाग, त्यात लग्नं, मधुचंद्र, गरोदरपणं, आणि पाळणा लांबवण्याचा एक साधा संवाद नाही. गावातली आशाताई उन्हातान्हात घरोघर जाऊन जे चार शब्द संकोच गिळून बोलते, ते बोलायला तुमच्या लाखो रुपयांच्या दिवाणखान्यात एकाचीही जीभ उचलत नाही.

मग ती बातमी घरभर होते आणि आजेसासू देवघराकडे वळून म्हणते, 'घराण्याला वारस येणार.' अजून गर्भ दोन महिन्यांचा नाही आणि त्याचं लिंग, त्याचं काम, त्याची मालमत्ता ठरून जाते. पाठोपाठ खलनायिका जिन्यावर तेल सांडते, कारण सुनेला मूल झालं तर इस्टेट हातची जाणार. तुमच्याकडे बाईचं पोट म्हणजे इस्टेटीचा दस्तऐवज. तो फाडायचा, लपवायचा, बदलायचा, चोरायचा. अहवाल बदलतात, बाळं बदलतात, खोटी गरोदरपणं उशा बांधून वर्षभर चालतात. मूल होणं हा एका बाईच्या शरीराचा, इच्छेचा आणि आयुष्याचा प्रश्न आहे, हे त्या सगळ्या धावपळीत कोणाच्या तोंडून येत नाही.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण. फुलांचे दागिने, झोपाळा, धनुष्यबाण, होडी, चांदणं. या सोहळ्यावर माझा राग नाही. बाईचे लाड व्हावेत, हे चांगलंच आहे. माझा राग त्या दोन झाकलेल्या वाट्यांवर आहे. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हातात पेढा आला की तुमचा कॅमेरा एकेका चेहऱ्यावर जातो, सनई वाजते, सासूचे डोळे भरतात. बर्फी निघाली की एखादी मावशी सावरून घेते, 'काही का असेना, सुखरूप सुटका होऊ दे.' मुलाला आनंद आणि मुलीला समजूत. एवढ्या अर्ध्या मिनिटात तुम्ही जे शिकवता, ते पुसायला शाळेची दहा वर्षं पुरत नाहीत. आज आमच्या शहरातल्या मंगल कार्यालयांत डोहाळजेवणं जशीच्या तशी तुमच्या पडद्यावरून उतरतात. सजावट उतरते, गाणी उतरतात, आणि त्या दोन वाट्याही उतरतात.

मूल होत नसेल तर तुमच्या घरात तपासणी बाईचीच होते. उपवास तिचे, नवस तिचे, रात्री रडणं तिचं. दोष नवऱ्यात असू शकतो आणि त्याची तपासणी आधी, स्वस्तात आणि सोप्या रीतीने होते, हे कुठल्याही स्त्रीरोगतज्ज्ञाला विचारा. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तुमच्या सासूबाई पन्नास वर्षांच्या आहेत, घरात तीन गाड्या आहेत, मुलगा परदेशात शिकून आला आहे, आणि तरी 'हिला मुलीच होतात' हे वाक्य सुनेला उद्देशून म्हटलं जातं. ते वाक्य खोडून काढायला तुम्ही एक पात्र ठेवलं नाही.

आणि नको असलेला गर्भ? तुमच्या नायिकेला तो कधी नको असतच नाही. ती शिकत असो, नवरा मारत असो, तब्येत साथ देत नसो, दवाखान्याच्या दारातून ती परत फिरते आणि आरतीचा आवाज वाढतो. १९७१ पासून देशात गर्भपाताचा कायदा आहे. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी धरली आहे, नवऱ्याची सही लागत नाही. मुलगी म्हणून गर्भ पाडणं गुन्हा आहे, आणि आपल्या शरीराला, परिस्थितीला झेपत नाही म्हणून डॉक्टरांकडे मदत मागणं हा बाईचा अधिकार आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तुम्ही त्या कधी वेगळ्या करून दाखवल्या नाहीत. त्यामुळे अधिकार असलेली बाई लाजेने आडमार्गाला जाते, आणि गुन्हा करणारं कुटुंब तोच आडमार्ग निर्लज्जपणे वापरतं.

आता तुमच्या चौकटीबाहेर काय राहिलं, तेही ऐका.

कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित स्त्रियांनी कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. शस्त्रक्रिया करून घेतलेले पुरुष अर्धा टक्काही नाहीत. पुरुषाची शस्त्रक्रिया बिनटाक्याची, काही मिनिटांची, कमी धोक्याची. बाईचं पोट उघडावं लागतं. तरी बाळंतपण तिने सोसायचं, तांबी तिने बसवून घ्यायची आणि शेवटी 'आपरेशन'ही तिनेच. तुमचा नायक तिच्यासाठी गुंडांशी लढतो, डोंगरावरून उडी मारतो, तुरुंगात जातो. 'या वेळी मी करून घेतो' एवढं म्हणण्याचं धैर्य तुम्ही त्याला एकदाही दिलं नाहीत.

बीडमध्ये २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे विशीतल्या, म्हणजे २० ते २४ वर्षांच्या, शंभर जणींपैकी ४३ हून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. त्या मुली संसार म्हणजे काय हे तुमच्याकडूनच शिकल्या. लग्न झालं की वर्षाच्या आत गोड बातमी, नाहीतर घरात कुजबुज. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या अंगात रक्त किती, तिचं हाड पुरतं वाढलं आहे का, हे तिच्या सासरी कोणी विचारत नाही, कारण तुमच्या सासरीही कोणी विचारत नाही.

याच बीडमधून दर हंगामात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे मुकादमाच्या भाषेत एक कोयता, ऊसतोडीला निघते. एक दिवस खाडा झाला की दंड. पाळीच्या दुखण्याला, बाळंतपणाच्या अशक्तपणाला सुट्टी नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीच्या कामात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. मूल होण्या-न होण्याचा याहून जळजळीत प्रश्न महाराष्ट्रात दुसरा नाही. तुमच्या कुठल्या कथेत ही बाई आली? तुमच्या घरातली कामवालीसुद्धा इस्त्रीची साडी नेसून मालकिणीच्या बाळाची दृष्ट काढायला येते आणि निघून जाते.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे. 'लोकांना हेच पाहायचं असतं. टीआरपी पाहा.'

मग हेही पाहा. १९९९ मध्ये अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली. तिची नायिका सुधा जोशी, शिकवणारी, कमावती, दोन मुलींची आई. मुलगा नाही म्हणून तिचं घर अपुरं ठरलं नाही, आणि मराठी घरांनी ती मालिका प्रेमाने पाहिली. आजही लोक तिची आठवण काढतात. मे २०१२ मध्ये 'सत्यमेव जयते' या टीव्ही कार्यक्रमाचा पहिलाच भाग स्त्रीभ्रूणहत्येवर होता. रविवारी सकाळी घराघरांत लोक तो पाहून रडले. त्याच महिन्यात परळीचं प्रकरण उघडं पडलं आणि महाराष्ट्रभर सोनोग्राफी केंद्रांवर नजर गेली. लोक खरं पाहू शकतात, सोसूही शकतात.

न्यायाने दुसरी बाजूही सांगते. २०२० मध्ये सोनी मराठीवर सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांवरची 'सावित्रीजोती' आली. मूल नाही म्हणून जोतीरावांना दुसरं लग्न करा असा आग्रह झाला होता. त्यांनी सावित्रीबाईंवर सवत आणायला नकार दिला. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, फसवल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी आसरा दिला, आणि १८७४ मध्ये तिथल्याच एका आईचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. वारस म्हणजे काय याचं एवढं मोठं उत्तर महाराष्ट्राच्या मातीत दीडशे वर्षांपासून आहे. ती मालिका पुरेसा प्रेक्षक मिळाला नाही म्हणून त्याच वर्षी बंद झाली. हा दोष आम्हा प्रेक्षकांचा आहे. जोतीबांच्या तसबिरीला हार घालणारी माणसं रात्री रिमोट हातात घेऊन वारसाच्या भांडणाकडे वळली. म्हणून हे पत्र तुमच्या नावे असलं तरी तुमच्यासमोर बसणाऱ्या प्रत्येक घराने ते वाचावं.

र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं. खटले भरले गेले, दंड झाला, नोकरी सोडावी लागली. त्यांच्या हातात ते केंद्र आणि छापील पानं यांपलीकडे काही नव्हतं. तुमच्या हातात रोजची रात्र आहे आणि साऱ्या महाराष्ट्राचं घर समोर बसलेलं आहे. शंभर वर्षांपूर्वी एक माणूस एकट्याने जे मोकळेपणी बोलला, ते आज तुम्ही कुजबुजूनही बोलत नाही. याला भित्रेपणा म्हणतात, आणि तो तुम्ही संस्कृतीच्या शालूखाली झाकता.

म्हणून माझ्या मागण्या लिहून देते. एकही अवघड नाही, एकीलाही जास्तीचा पैसा लागत नाही.

पुढच्या मालिकेत लग्न झाल्यावर नवरा-बायकोला एकदा तरी विचारू द्या, की आपल्याला मूल कधी हवं आहे. उत्तर बायकोच्या तोंडून येऊ द्या. तांबी हा शब्द एखाद्या डॉक्टरच्या तोंडी साध्या आवाजात येऊ द्या. पार्श्वसंगीत नको.

डोहाळजेवणातल्या त्या दोन वाट्या काढून टाका. मुलगी झाली की दवाखान्यात पेढे वाटताना दाखवा, आणि पेढा खाणाऱ्या एकाच्याही तोंडी समजुतीचा शब्द नको.

दोन मुलींनंतर थांबलेलं एक जोडपं दाखवा, आणि शस्त्रक्रिया नवऱ्याने करून घेतलेली दाखवा. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेलेला नको, दोन दिवस घरी पडून राहिलेला आणि बायकोने त्याला चहा नेऊन दिलेला दाखवा, म्हणजे लोकांचा विश्वास बसेल.

मूल न झालेलं एक जोडपं सुखात दाखवा. तिच्या वाट्याला नवस नको, त्याच्या वाट्याला दुसरी बाई नको. दोघांचं काम असू द्या, मित्र असू द्या, भाच्यांची वर्दळ असू द्या.

मूल दत्तक घ्यायचं असेल तर ते कायद्याने, रांगेत थांबून घेतलेलं दाखवा. ते मूल पन्नासाव्या भागात खलनायकाचं रक्त निघायला नको.

एक ऊसतोड बाई नायिका करा. ती देखणी असलीच पाहिजे असं नाही. तिला काय हवं आहे ते विचारा आणि पुढची गोष्ट तिच्या उत्तरावर उभी करा.

आणि आजेसासूच्या तोंडचं 'वारस' काढून घ्या. तिला म्हणू द्या, 'पोरी, तुला हवं तेव्हा.' तुमच्या सगळ्यांत मोठ्या आवाजाच्या पात्राने हे एकदा म्हटलं, तर त्या रात्री मराठवाड्यातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत सुनांची मान वर होईल.

हे होईपर्यंत मी गप्प बसणार नाही. बचत गटाच्या बैठकीत, महिला मंडळात, लग्नाच्या मांडवात, जिथे चार बायका जमतील तिथे हे पत्र वाचून दाखवीन. तुमचा प्रेक्षक म्हणजे बायका. त्यांनी एका संध्याकाळी ठरवलं तर तुमचा आकडा पुढच्याच आठवड्यात खाली येईल. तुम्ही माणसांपेक्षा आकड्याला भिता. तेव्हा त्या भाषेत सांगते: पुढचं डोहाळजेवण दाखवाल, तेव्हा आम्ही त्या वाट्या पाहत असू, आणि त्यात पेढा-बर्फी दिसली तर तिथेच टीव्ही बंद करू.

आपली,
रोज रात्री समोर बसणाऱ्यांपैकी एक
छत्रपती संभाजीनगर